गोलपोस्ट एक आणि नणंद-भावजय दोघी

बायकांच्या फुटबॉल क्लबला वहिनी कशी मिळाली, हे गावात जो तो तिखटमीठ लावून सांगतो. खरं घडलं ते असं.

क्लबच्या खोलीची खिडकी फुटली होती. खोली मैदानाला लागून, तेव्हा खिडकी फुटायचीच. समोरच्या काचेच्या दुकानातून काचवाला नवी काच घेऊन आला आणि सोबत त्याची बायको आली, कारण एवढी मोठी काच एकट्याला पेलत नाही. तो चौकटीला काच पक्की बसवायची लांबी लावत होता, ती काच तोलून उभी होती, तेवढ्यात मैदानावरून एक चेंडू सुसाट तिच्या अंगावर आला. बाईनं काच डावा हात आणि गुडघा यांच्यावर सावरली, उजवा पंजा पुढे केला आणि चेंडू जागच्या जागी खाली पाडला. काच तसूभर हलली नाही. नवऱ्यानं तर मागे वळूनही पाहिलं नाही. "नीट धर गं," एवढंच म्हणाला.

पाहणाऱ्यांत क्लबचे मास्तर होते. मास्तर म्हणजे पोटासाठी दिवसभर लोकांना गाडी चालवायला शिकवणारे, आणि संध्याकाळी हौसेनं क्लबच्या बायकांना फुटबॉल. ते तरातरा आले आणि म्हणाले, "बाई, उद्यापासून येता का?"

"काच बसवायला?"

"गोलमध्ये उभं राहायला."

ती नवऱ्याकडे बघून हसली. नवरा म्हणाला, "जा की. दुकान इथंच तर आहे, काही लागलं तर हाक मारेन." त्यानं हाक मारली असेल नसेल, पण बाई दुसऱ्या दिवसापासून गोलमध्ये उभी राहिली ती राहिलीच. तिची शाळकरी नणंद रोज गोलच्या मागे उभी राहून "वहिनी, डावीकडे! वहिनी, आला आला!" असं ओरडायची, म्हणून सगळा संघ तिला वहिनी म्हणू लागला. पुढे समोरच्या संघाच्या मुलीही म्हणू लागल्या. एकदा तर रेफरीच म्हणाला, "वहिनी, चेंडू लवकर टाका."

वहिनी अंगानं जाडसर, उंचीनं बेताची. उड्याबिड्या तिला फारशा जमायच्या नाहीत. पण तिच्या हातात आलेली वस्तू निसटत नसे. दुकानात ती काच उचलायची ती सुद्धा अशी, की काच स्वतःहून तिच्या हातात येऊन बसली असं वाटावं. कमी बोलायची. गिऱ्हाईक आलं की माप विचारायची, जाडी विचारायची, टेबलावरच्या जुन्या सतरंजीवर काच आडवी टाकून कटरची एक रेघ ओढायची, टक्कन तुकडा वेगळा करायची आणि रद्दी पेपरात गुंडाळून हातात द्यायची. या सगळ्यात तिच्या तोंडून चार शब्द निघाले तरी खूप. गोलमध्येही तसंच. चेंडू आला, धरला, दिला.

आणि तिची नणंद मात्र बरोब्बर उलटी. तिला घरात टिटवी म्हणत. पाय लांब, मान लांब, आणि आवाज असा की वरच्या मजल्यावर ती शिंकली तर खाली दुकानातल्या काचा थरथरायच्या. ही टिटवी शिकायला परगावी गेली, तिथं कॉलेजच्या संघात खेळली, आणि शिक्षण संपल्यावर इथल्या पोहण्याच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायची नोकरी धरून घरी परतली. वहिनीला कोण आनंद झाला. तिनं वरच्या मजल्यावरची सामानाची खोली रिकामी केली, खिडकीला नवी काच बसवली, उशीला नवा अभ्रा घातला.

पहिल्याच दिवशी जेवताना टिटवी म्हणाली, "वहिनी, मी पण क्लबमध्ये येणार."

"ये ना! आम्हाला पुढे खेळायला उंच मुलगी हवीच आहे."

"पुढे कशाला? मी गोलकीपर आहे."

वहिनीच्या हातातला डाव आमटीच्या पातेल्यातच थांबला. काचवाल्यानं ताटात मान घातली. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग दोघी उभ्या राहा. एवढा रुंद गोल असतो, एक या खांबाला, एक त्या खांबाला."

सासूबाई एकही मॅच चुकवत नसत. घडीची खुर्ची घेऊन त्या मैदानाच्या कडेला बसायच्या. नियम मात्र त्यांनी कधी शिकून घेतले नाहीत.

"आई, एकीलाच उभं राहता येतं," टिटवी म्हणाली.

"असं का? मग पंचाईत आहे," म्हणत सासूबाईंनी भात वाढून घेतला.

हंगाम सुरू व्हायच्या आधी मास्तरांनी दोघींना सरावात आलटून पालटून उभं केलं. टिटवी खांबापासून खांबापर्यंत मांजरासारखी झेप घ्यायची. पायानं चेंडू असा मारायची की तो पार मध्यरेषेच्या पलीकडे जायचा, आणि वहिनीचा चेंडू त्याच्या अर्ध्यातही पोचत नसे. आणि सतत बडबड. "मागे सरक! ती मोकळी आहे! तुझ्या उजवीकडे! शाब्बास!" बचावाला खेळणाऱ्या बायका सुरुवातीला दचकल्या, मग सुखावल्या. मागे डोळे फुटल्यासारखं वाटतंय, असं त्या आपसात म्हणाल्या. वहिनीच्या कानावर ते आलं.

पहिल्या मॅचच्या आदल्या संध्याकाळी मास्तरांनी नावं सांगितली. गोलमध्ये टिटवी.

वहिनीनं मान डोलावली, हातमोजे काढले, ते एकमेकांत खोचून पिशवीत ठेवले. मास्तर अवघडून जवळ आले. "वहिनी, तुमच्या हातांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तुम्ही बोलत नाही हो. गोलकीपरला सगळं मैदान दिसतं. तुम्हाला दिसतं आणि तुम्ही ते तुमच्यापाशीच ठेवता. हॉर्न नसलेली गाडी कितीही चांगली असली तरी मी रस्त्यावर काढू कशी?"

"बरोबर आहे तुमचं," वहिनी म्हणाली. घरी येऊन तिनं स्वयंपाक केला, टिटवीला वरण वाढताना "उद्या नीट खा, मॅच आहे" असंही सांगितलं. पण आतून ती रागावली होती. ज्या पोरीला आपण हाताला धरून मैदानावर नेलं, जिला अंगणात चेंडू झेलायला शिकवलं, तिच्यावर रागवायचं कसं? आणि रागवायचं नाही तर मग या रागाचं करायचं काय?

दुसऱ्या दिवशी ती आयुष्यात पहिल्यांदा बाकावर बसली. बाक इतका कडक असेल याची तिला कल्पना नव्हती. टिटवीनं दोन चेंडू असे अडवले की सासूबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. मग एक उंच चेंडू आला, टिटवी घाईघाईनं पुढे धावली, चेंडू तिच्या डोक्यावरून गेला आणि जाळीत पडला. वहिनीनं डोळे मिटून घेतले. तिला वाईट वाटलं हे खरं, आणि वाईट वाटण्याच्या आधी क्षणभर गार वाटलं हेही खरं. त्या गार वाटण्याची तिला लाज वाटली आणि ती उरलेली मॅच नखं बघत बसली. सामना बरोबरीत सुटला.

त्या आठवड्यात वहिनी नवऱ्याला म्हणाली, "अहो, सकाळी दुकान उघडायच्या आधी मागच्या अंगणात मला थोडे चेंडू मारता का? मला सराव हवाय. पण तुमच्या बहिणीला कळता कामा नये."

"अगं, मला कुठं येतं मारायला?"

"येईल हळूहळू."

काचवाला स्वभावानं मऊ. कुणाला नाही म्हणणं त्याला जमत नसे, म्हणून तर अर्ध्या गावाच्या खिडक्या तो उधारीवर बसवायचा. तो रोज सकाळी अंगणात उभा राहून बायकोला चेंडू मारू लागला. बुटाच्या बाजूनं मारायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो अंगठ्यानं मारायचा. पहिल्याच दिवशी त्यानं स्वतःच्या दुकानाची मागची काच फोडली, आणि "मांजर होतं" असं सगळ्यांना सांगितलं.

दिवस असेच चालले होते आणि काचवाला लंगडायला लागला. आधी थोडा, मग चांगलाच. एका सकाळी चहाच्या वेळी त्याचा पाय बुटातच जाईना. अंगठा वांग्यासारखा सुजून जांभळा झाला होता.

"पायावर काच पडली का रे?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग दार लागलं?"

"नाही."

"मग काय पायानं नारळ फोडत होतास?"

काचवाल्यानं बायकोकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं, मग कपात पाहिलं. शेवटी वहिनीलाच राहवेना. "आई, चूक माझी आहे. हे मला रोज सकाळी चेंडू मारतात, अंगणात."

"काय?" टिटवी ताडकन उठली. "सकाळी तुला? अगं, मग संध्याकाळी मला कोण मारतं? तलावाच्या मागच्या मोकळ्या जागेत! दादा! तू मला म्हणालास, वहिनीला कळू देणार नाही!"

"नाही कळू दिलं ना," काचवाला केविलवाणा होऊन म्हणाला. "हिनं सांगितलं तुला कळू द्यायचं नाही, तू सांगितलंस हिला कळू द्यायचं नाही. मी दोघींचंही ऐकलं."

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "एवढा मोठा झालास, तोंड आहे ना तुला? एकीला तरी नाही म्हणायचंस!"

"कोणत्या एकीला?" त्यानं इतकं मनापासून विचारलं की वहिनीला हसू फुटलं. टिटवीनं रागावून राहायचा प्रयत्न केला, पण भावाच्या अंगठ्याकडे नजर गेली आणि तीही हसत सुटली. हसता हसता दोघींनी मिळून त्याचा पाय बर्फाच्या पाण्यात बुडवला.

पण त्याच दिवशी एक मोठा आरसा पोचवायचा होता. संघात बचावाला खेळणारी एक धिप्पाड बाई पार्लर चालवायची. मैदानावर तिला पार्लर म्हणूनच हाक मारत. तिच्या पार्लरसाठी भिंतभर आरसा बनवून तयार होता, पार्लर चपलांच्या दुकानाच्या वर, आणि जिना अरुंद, मध्येच वळणारा. आरसा न्यायला दोन माणसं हवीत आणि त्यातल्या एकाचा अंगठा बादलीत. टिटवी म्हणाली, "मी येते. आज तलावाला सुट्टी आहे."

जिन्यापाशी काचवाला स्टुलावर पाय वर करून बसला आणि सूचना देऊ लागला. त्या कुणी ऐकल्या नाहीत. चामड्याचे मोजे घालून टिटवी वरच्या बाजूला, पाठमोरी चढणार, आणि वहिनी खालच्या बाजूला, सगळा भार पेलत. टिटवीला मागचं काही दिसत नव्हतं. वहिनीला सगळं दिसत होतं: पायऱ्या, कठडा, वळण, वरून लोंबणारा दिवा.

"पायरी," वहिनी हळूच म्हणाली. "अजून एक. जरा थांब."

"काय?"

"थांब."

"अगं, काय म्हणतेस ते ऐकू येत नाही!" असं म्हणत टिटवीनं आणखी एक पाऊल मागे टाकलं. आरशाचा कोपरा दिव्याच्या दिशेनं चालला.

आणि वहिनीच्या तोंडून असा आवाज निघाला की खाली चपलांच्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या हातातून चप्पल पडली. "थांब म्हटलं ना! डावीकडे! तुझ्या डावीकडे! खाली घे कोपरा! खांदा आत! आता मागे ये! ये, ये, ये... थांब! फिर!"

टिटवी एक अक्षर न बोलता तिच्या शब्दाबरहुकूम वळली, चढली, थांबली. आरसा एकही ओरखडा न येता वर पोचला. पार्लरच्या दारात अर्ध्या केसांना रंग लावलेली एक बाई आणि तिच्या मागे हातात ब्रश घेतलेली पार्लर, दोघी डोळे विस्फारून उभ्या होत्या.

"वहिनी," पार्लर म्हणाली, "हा तुझाच आवाज का गं?"

वहिनी घाम पुसत म्हणाली, "आरसा फुटला असता ना."

"आणि गोल झाला तर चालतो? एवढी वर्षं मी तुझ्या पुढ्यात खेळतेय. मला वाटायचं तुझ्या घशाचंच काहीतरी आहे. हाच आवाज मैदानावर काढ की! मला कुठं उभं राहायचं ते जरा कळू दे!"

वहिनी लाजली. जिना उतरताना टिटवी गप्प होती, आणि टिटवी गप्प म्हणजे काहीतरी मोठंच असणार. खालच्या पायरीवर ती थांबली. "वहिनी, खरं सांगशील? वरून येणारे चेंडू मला का सापडत नाहीत?"

वहिनीला उत्तर माहीत होतं. बाकावर बसून तिनं दुसरं केलंच काय होतं? सांगावं की सांगू नये, अशी तिची चांगलीच ओढाताण झाली. सांगितलं तर आपल्या पायावर आपणच धोंडा. मग तिनं सांगूनच टाकलं. "तू घाई करतेस. चेंडू सुटायच्या आधीच तू निघालेली असतेस. त्याला येऊ दे. काच आपण ओढून घेत नाही ना? तसंच ते."

"हॅत्, मी उभी राहिले तर चेंडू निघून जाईल," टिटवी म्हणाली आणि उड्या मारत निघून गेली.

इकडे वहिनी सरावात ओरडू लागली. पहिल्यांदा ओरडली तेव्हा आवाज मध्येच चिरकला. "माझाऽ!" म्हणून ती पुढे आली तशी पार्लर एवढी दचकली की मैदानात फतकल मारूनच बसली. सगळ्या हसल्या, वहिनीही हसली, पण पुढच्या चेंडूला पुन्हा ओरडली. दुकानातही तिला सवय लागली. "पाच मिलिमीटर हवी की चार?" असं ती विचारायची ते रस्त्यापलीकडे ऐकू जायचं. गिऱ्हाइकं घाबरून जाडच काच घ्यायला लागली, असं काचवाला सांगतो.

तरी गोलमध्ये टिटवीच होती. ती खेळतही झकास होती, आणि मास्तर काही उगाच गिअर बदलणारे नव्हते. मग आली पोस्टाच्या संघाबरोबरची मॅच. आपला संघ एका गोलनं पुढे, खेळ संपत आलेला. पोस्टाची एक चपळ मुलगी चेंडू घेऊन एकटीच सुटली. टिटवीनं वाट पाहिली नाही. ती वाऱ्यासारखी धावत सुटली, गोलपुढच्या ज्या चौकोनातच गोलकीपरला चेंडू हातानं धरता येतो त्याची रेघ केव्हा मागे पडली ते तिला कळलं नाही, आणि डोक्यावरून जाणारा चेंडू तिनं दोन्ही हातांनी धरला. चौकोनाच्या बाहेर.

शिट्टी वाजली. लाल कार्ड.

टिटवी हातातल्या चेंडूकडे बघत राहिली. मग तो खाली ठेवला आणि चालू लागली. बाकापाशी आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. वहिनी हातमोजे चढवत उभी होती. या वेळी गारबीर काही वाटलं नाही. टिटवी तिला म्हणाली, "उजव्या पायाची आहे ती. डाव्या कोपऱ्यात मारते."

गोलकीपर आत आणायला मास्तरांनी पुढच्या एका मुलीला बाहेर काढलं. संघ एकीनं कमी, आणि पोस्टाला चौकोनाच्या तोंडाशी मिळालेला फटका समोर. वहिनीनं दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले. "पार्लर, उजवीकडे! अजून! बास! कुणी उडी मारू नका!" आणि डाव्या कोपऱ्याकडे अर्धं पाऊल सरकून ती उभी राहिली. चेंडू तिथंच आला. तिच्या पोटाशी असा विसावला की तो मारला होता यावर कुणाचा विश्वास बसू नये. उरलेला वेळ तिचा आवाज आणि सासूबाईंचा आवाज, दोनच आवाज मैदानावर होते. मॅच जिंकली.

लाल कार्डामुळे पुढच्या सामन्यात टिटवीला बसावं लागलं. वहिनी खेळली, एक गोल खाल्ला, संघ दोन करून जिंकला. आता शेवटची मॅच उरली. ती जिंकली तर क्लब तिसरा येणार होता आणि तिसऱ्या क्रमांकाला कपबशीतल्या कपाएवढा एक चषक मिळणार होता. क्लबनं आजवर तेवढाही पाहिला नव्हता.

मास्तर दुकानात आले. "गाडीचा बाजूचा आरसा जरा हलतोय," म्हणाले. काचवाल्यानं पाहिलं तर आरसा घट्ट. मास्तर तरीही निघेनात. शेवटी म्हणाले, "वहिनी, टिटवीलाही बोलवा. असं करा, उद्या गोलमध्ये कोण ते तुम्ही दोघीच ठरवा. घरातल्या घरात."

"आम्ही नाही ठरवणार," टिटवी म्हणाली.

"ते तुमचं काम आहे," वहिनी म्हणाली. दोघींचं एवढं एकमत घरात पूर्वी कधी झालं नसेल.

"पण मला खरंच कळत नाही हो!"

आतून सासूबाई बाहेर आल्या. "मास्तर, तुम्ही लोकांना गाडी शिकवता ना? मग असे भर चौकात गाडी बंद करून दोन्हीकडचे हॉर्न काय ऐकत बसलात? कुठंतरी वळा एकदाचे!"

मास्तर आरसा पुसत निघून गेले. संध्याकाळी मैदानावर त्यांनी सांगितलं: वहिनी. "आत्ता ती जास्त चांगली खेळतेय," एवढंच कारण दिलं.

टिटवीनं हातमोजे बाकावर आपटले आणि ती चालती झाली. तलावावर जाऊन दमेपर्यंत पोहली. घरी आली ती ओल्या केसांनी, गाल फुगवून. जेवली ती ताटातच बघत. भांडी विसळताना मात्र वहिनीच्या शेजारी येऊन उभी राहिली. "मला राग आलाय. आणि तो उद्यासुद्धा राहणार आहे."

"राहू दे," वहिनी म्हणाली. "मला आला होता तेव्हा चांगला आठवडाभर होता."

"तुला? कधी?"

"पहिल्या मॅचला."

"अगं, मला कळलंसुद्धा नाही!"

"तेव्हा मी बोलत कुठं होते?"

टिटवीला हसायचं नव्हतं. तिनं ओठ दाबून धरले, पण हातातला पेला हिंदकळला आणि पाणी दोघींच्या अंगावर उडालं.

शेवटची मॅच बिस्किटांच्या कारखान्यातल्या बायकांबरोबर होती. त्या अंगापेरानं मजबूत आणि कॉर्नरवर कॉर्नर घेणाऱ्या. वहिनीच्या चौकोनात नुसती झुंबड उडायची. ती उभी राहायची, वाट बघायची, "माझा!" म्हणून गर्जायची आणि खांद्यांच्या गर्दीतून चेंडू काढून घ्यायची. बाकावर टिटवीला काही चैन पडेना. रागाबिगाचं तिला भानच राहिलं नाही. "पार्लर, मागे बघ! वहिनी, बारा नंबर मोकळी आहे!" तिचा आरडाओरडा एवढा वाढला की रेफरीनं येऊन बजावलं. दोन मिनिटं ती गप्प बसली. मग पुन्हा सुरू. शेवटी रेफरीनं तिला कुंपणाच्या बाहेर काढलं, तर ती सासूबाईंच्या खुर्चीमागे जाऊन तिथून ओरडू लागली.

गोल एकच झाला, आपल्याला मिळालेल्या एकुलत्या कॉर्नरला, आणि तो पार्लरच्या पाठीवर आपटून कारखान्याच्या जाळीत गेला. पार्लर तेव्हा बुटाची नाडी बांधायला वाकली होती. आता ती सांगते की ते ठरवून केलं होतं.

चषक मिळाला. मास्तरांनी तो गाडीच्या टपावर ठेवून गावभर फिरवला. टिटवीनं वहिनीला कडकडून मिठी मारली आणि कानात सांगितलं, "पुढच्या हंगामात बघते तुला." बसलेल्या घशातून शब्द धड फुटत नव्हते.

पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधी मात्र वेगळंच घडलं. नदीपलीकडच्या गावात नवा तलाव बांधला होता, तिथं टिटवीला मोठ्या जागेवर बोलावलं. त्या गावच्या क्लबला गोलकीपर नव्हतीच. त्यांनी तिला सांगितलं, आलीस तर पहिल्या दिवसापासून तूच. टिटवी दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत होती.

"जा," वहिनी म्हणाली.

"तुला काय, तुझी जागा मोकळी होईल!"

"होईलच. म्हणूनच म्हणते, जा." आणि मग पिशवीत तिचे कपडे भरता भरता वहिनीनं पदर डोळ्यांना लावला. टिटवीनं ते पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून उगाचच चपला शोधू लागली.

त्या वर्षी दोन्ही क्लब समोरासमोर आले. एका टोकाला वहिनी, दुसऱ्या टोकाला टिटवी. काचवाला मध्यरेषेपाशी उभा राहिला आणि दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवत राहिला. सासूबाई अर्धा वेळ इकडे बसल्या, अर्धा वेळ खुर्ची उचलून तिकडे. दोघींनी इतका आरडाओरडा केला की प्रेक्षकांना ओरडायला जागाच उरली नाही. टिटवी आता उंच चेंडूला थांबायला शिकली होती, वहिनीचा चेंडू आता मध्यरेषेपर्यंत जात होता. एवढं सगळं असून मॅच सुटली तीन-तीन बरोबरीत, आणि सहांपैकी निदान चार गोल अडवण्यासारखे होते.

परतताना टिटवीही दोन दिवस राहायला म्हणून सोबत निघाली. काचा वाहायच्या टेम्पोत पुढे तिघी दाटीवाटीनं बसल्या, त्यामुळे काचवाल्याला मागे रिकाम्या चौकटींजवळ बसावं लागलं आणि गाडी वहिनीनं चालवली. ती मास्तरांकडूनच शिकली होती. टेम्पो पुलावर आला.

मग सासूबाईंनी विचारलं, "पण मला एक सांगा, तुम्हा दोघींत चांगलं कोण खेळलं?"

"आई, हिनं खाल्लेला तिसरा गोल बघितलात ना? दोन पायांच्या मधून!" वहिनी म्हणाली.

"आणि हिचा पहिला? चेंडू चालत गेला जाळीत, चालत!"

"माझ्या डोळ्यांवर ऊन होतं!"

"ऊन पाठीमागे होतं, वहिनी!"

मागून काचवाल्यानं खिडकीवर टकटक केली. आवाज जरा कमी करा, चौकटी हलतायत, असं त्याला सांगायचं होतं. पण पुढे कुणालाच ते ऐकू आलं नाही.